कोरा आवाज

भुंगीला गिटार वाजवता वाजवताच गायची खोड होती आणि ही खोड तिने जिवापाड जपली होती. खोड म्हणा, हट्ट म्हणा; कंपनीतले लोक तर सरळ माज म्हणायचे. पण त्यामागचं इंगित फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरा बहिरा.

बहिरा म्हणजे गाण्यांच्या कंपनीतला रेकॉर्डिस्ट. कान तसे चांगले तिखट होते त्याचे, पण एकदा हेडफोन चढवले की मागची भिंत कोसळली तरी तो मान वळवायचा नाही, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव बहिरा ठेवलं होतं. भुंगीचं नावही असंच पडलेलं. लहानपणी घरभर गुणगुणत फिरायची म्हणून थोरल्या बहिणीने, ताईने, तिला भुंगी केलं. पोस्टरवर कंपनीने दुसरंच एक झगमगीत नाव छापलं होतं. ते तिला इतकं परकं वाटायचं की रस्त्यात कुणी त्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला तिला उशीर व्हायचा.

कंपनीत आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि अक्कल त्याहून लहान. सही केली त्या करारात लिहिलं होतं की गाणी कंपनीची आणि गाण्याला कपडे कुठले घालायचे तेही कंपनीच ठरवणार. वाचलं होतं तिने, पण वाचलेलं कळायला आधी एकदा भाजून घ्यावं लागतं. पहिली दोन गाणी तिने काचेच्या खोलीत एकटीने उभं राहून म्हटली, घरी गेली, आणि पुढे ती रेडिओवर लागली तेव्हा ‘ही बया कोण?’ असं तिनेच आईला विचारलं. आवाज वर चढवलेला, शब्द मागेपुढे केलेले, आणि खाली असा धुडगूस की एखाद्याने भांड्यांची मांडणीच जिन्यावरून सोडून द्यावी.

तेव्हा ती बहिऱ्याकडे गेली. तो चहात बिस्कीट बुडवत बसला होता.

“तुझा आवाज कोरा येतो ना, म्हणून,” तो म्हणाला. “आत तू एकटी, कानात तुझ्या बाजा, पण माईकवर नुसता गळा. कोऱ्या गळ्याखाली काय वाटेल ते घालता येतं. कापा, ताणा, उलटा करा. तुला वाचायचं असेल तर गिटार घेऊन बस आणि दोन्ही एकाच माईकवर घे. दूध-पाणी एकदा मिसळलं की वेगळं करून दाखव म्हणावं.”

“मशीनने होत नाही वेगळं?”

“होतं, पण चिंध्या होतात. मालकांना, म्हणजे आपल्या काकांना, चिंध्या चालत नाहीत.” बिस्कीट तुटून कपात पडलं, आणि ते चमच्याने काढत तो पुढे म्हणाला, “मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.”

त्या दिवसापासून भुंगी गिटारीशिवाय माईकपुढे बसली नाही. काहीही सांगितलं तरी एकच उत्तर: मला असंच येतं, नाहीतर सूर लागत नाही. कंपनीने समजावून पाहिलं, दरडावून पाहिलं. शेवटी तिची तीन गाणी तिने म्हटली तशीच्या तशी बाहेर पडली, कारण त्यांचं दुसरं काही करताच येईना. फार चालली नाहीत. पण ती तिची होती, आणि गर्दीत दोघं-चौघं तरी डोळे मिटून ऐकायचे, तेवढ्यावर तिचं पोट भरायचं.

गिटार ताईची होती. ताई लाँड्रीत इस्त्रीला होती. गरम इस्त्रीशी दिवस काढून तिच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की तारा तिला लागायच्याच नाहीत. कुणा गिऱ्हाइकाने दुकानात ठेवली आणि परत नेलीच नाही ती गिटार तिने घरी आणली, स्वतः शिकली आणि भुंगीला शिकवली. एकदा घाईत तिच्यावर इस्त्री टेकली गेली, त्याचा तपकिरी डाग गिटारीच्या पोटावर कायमचा राहिला. आणि चार वर्षांपूर्वी ताई साध्या तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात गेली ती परत आली नाही. मागे राहिली रांगती ठकू. ठकूच्या बापाने त्याआधीच पोबारा केला होता, तेव्हा पोर आजीच्या पदरात आली.

ताईवरचं गाणं भुंगीने त्यानंतर पुष्कळ दिवसांनी केलं. लहानपणी दोघी एका अंथरुणात झोपायच्या. अंधारात एकटीने बाहेर जायची भुंगीला भीती वाटायची, मग ती ताईला हलवायची, आणि ताई कधी न चिडता, डोळे मिटलेलेच ठेवून, उठून तिच्याबरोबर जायची. दवाखान्यात शेवटच्या दिवशी भुंगीने तिला तसंच हलवलं होतं. गाणं एवढंच होतं: ऊठ ना ताई, ऊठ ना, एकटीला मला भीती वाटते. 

आईने ते घरात ऐकलं आणि भाजी चिरायची थांबली. “हे बाजारात नेऊ नकोस, भुंगे,” ती म्हणाली. “बाकीची ने. हे घरात राहू दे.”

पण भुंगीला वाटायचं, ताईचं नाव कुठे म्हणून लागलं नाही, ना दारावर, ना दुकानावर. जन्मभर लोकांच्या कपड्यांच्या घड्या घालण्यात गेलेल्या बाईचं जगात एक गाणं तरी असावं. आईला ती म्हणाली, “आहे तसंच जाईल. एक टाचणीसुद्धा मी त्याला लावू देणार नाही. शब्द देते.” आईने पुन्हा विळी पुढे ओढली.

आता काकांविषयी. कंपनीचे मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. शिपायापासून गायकापर्यंत सगळ्यांनी काका म्हणायचं. मऊ बोलायचे, खांद्यावर हात ठेवायचे, घरच्यांची नावानिशी चौकशी करायचे. अशा माणसाला भ्यावं. ओरडणारा निदान आपण ओरडतोय हे स्वतः तरी ऐकत असतो. 

भुंगीने गिटारीवर म्हणून दाखवलं तेव्हा काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरेच पुसले, डोळ्यांत खरंच पाणी होतं, मी उगाच कुणाच्या माथी खोटं मारणार नाही. 

“बाळ, याला आपण हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “बीट नाही, बाजा नाही, काही नाही. आमची स्टुडिओतली पोरं काहीही म्हणोत.”

भुंगीने गिटार मांडीवरून खाली ठेवली. “खरंच, काका?”

“मी तर म्हणतो गिटारसुद्धा नको.” काका हळू आवाजात म्हणाले. “राग मानू नकोस. गिटार चांगलीच वाजवतेस. पण तुझा गळा असा आहे की त्याला कशाचा टेकू लागत नाही. लोक टेकू घेतात कारण त्यांना उभं राहता येत नाही. तू आणि तुझी बहीण. मध्ये तिसरं कशाला?”

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. आणि भुंगी चढली. इतकी वर्षं ज्यांनी तिला ‘जरा हसून गा, कंबर हलवून गा’ एवढंच सांगितलं, त्यांच्यातला सगळ्यात मोठा माणूस तिला सांगत होता की तुझ्या गळ्याला टेकू लागत नाही. कुणाला गोड लागणार नाही?

तरी तिने विचारलं. “खाली काही घालणार नाही ना?”

“मुलीची शपथ घेऊ का?” काकांनी हात वर केला. “तुझ्याएवढीच आहे माझी.”

“नको, नको, शपथ कशाला,” भुंगीच म्हणाली. शपथ घेण्याची वेळ काकांवर आलीच नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तिने गिटार काचेबाहेर खुर्चीवर उभी करून ठेवली आणि आत गेली. काचेपलीकडे बहिरा बटणांपुढे बसला होता आणि त्याच्या मागे काका, हाताची घडी घालून.

बहिऱ्याचा आवाज तिच्या कानात आला. “गिटार आत आणून देऊ?”

“नको.”

“नुसता गळा घ्यायचाय?”

“हो.”

त्याचा हात बटणावरच होता. “नक्की?”

“अरे, खरोखरच बहिरा झालास का?” भुंगी हसत म्हणाली. “नको म्हटलं ना एकदा!”

काका खदखदून हसले. बहिऱ्याने मान खाली घातली आणि बटण पुढे सरकवलं.

भुंगी तशी पूर्वी कधी गायली नव्हती. आपलाच आवाज इतका उघडा तिने कधी ऐकला नव्हता. त्या आवाजाला थरथर होती, खरखर होती आणि लपायला जागा नव्हती. शेवटच्या ‘ऊठ ना’ला दवाखान्यातली ती खाट तिच्या डोळ्यांपुढे आली, हाताखालचा तो गार खांदा आला, आणि शब्दाच्या मध्येच हुंदका फुटला. साधा हुंदका नव्हे; आत ओढलेला श्वास घशात अडकून उचकीसारखा बाहेर पडला. ती थांबली. “सॉरी,” म्हणाली, “तेवढं पुन्हा घेते.”

दार उघडून काका स्वतः आत आले. “खबरदार,” ते म्हणाले. त्यांचे डोळे पुन्हा ओले होते. “हेच ठेवायचं. याला कुणी हात लावायचा नाही. हेच तर गाणं आहे, बाळ.”

बाहेर येऊन तिने गिटार उचलली. ताईला दाराबाहेर बसवून आपण ताईचं गाणं गाऊन आलो, हे त्या वेळी तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. घरी जाताना ती मोठ्याने गुणगुणत होती.

गाणं तिला पहिल्यांदा ऐकू आलं चपलांच्या दुकानात. ठकूला शाळेचे बूट घ्यायचे होते. दुकानदार तिच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून ‘जागा आहे, अजून एक वर्ष जाईल’ असं सांगत होता, आणि छतातल्या स्पीकरमधून ढमढम सुरू झालं. बायका बूट बघत होत्या, एक पोरगा पायाने ठेका धरत होता. मग भुंगीचा आवाज आला. ऊठ ना. ऊठ ना. ऊठ ना, ऊठ ना, आणि मग तो हुंदका. एकदा नाही. हुंदक्याचे तुकडे करून ते ठेक्यावर ओळीने बसवले होते: हुक्, हुक्, हु-हु-हुक्. पुन्हा ऊठ ना. पुन्हा हुक्. शेवटी शेवटी तर शब्दही गेले आणि नुसता हुंदकाच नाचत राहिला.

ठकूने नवे बूट जमिनीवर आपटले, बरोबर ठेक्यात. “मावशी, तुझा आवाज!” ती ओरडली. सगळं दुकान वळून बघायला लागलं. दुकानदाराने बूट तसेच सोडून हात जोडले आणि म्हणाला, “ताई, काय गाणं केलंय! आमची म्हातारीसुद्धा उठून नाचते.” 

ती कंपनीत गेली तेव्हा काकांनी तिला वाट बघायला लावली नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं.

“तुम्ही म्हणाला होतात, खाली काही घालणार नाही.” भुंगीने पाण्याला हात लावला नाही.

“म्हणालो होतो. आणि त्या वेळी मनापासून म्हणालो होतो.” काकांनी चष्मा पुसला. “मग पोरांनी एकदा गंमत म्हणून ठेका लावून ऐकवलं. बाळ, माझा पाय थांबेना. या वयात! तेव्हा मला कळलं.”

“माझी बहीण मेलीय हो त्या गाण्यात.”

“ठाऊक आहे. तुझ्या गाण्याने फार तर शंभर माणसं रडली असती. एकदा. रडायला लावणारं गाणं कुणी दुसऱ्यांदा लावत नाही, आपण स्वतः लावत नाही. आता गल्लीबोळात वाजतंय. शब्द बदललाय का एक तरी? आवाज दुसऱ्याचा घातलाय? सगळं तुझंच आहे.” ते पुढे झुकले आणि प्रेमाने म्हणाले, “आणि तो हुंदका! असा मागून मिळत नाही. चांगल्या चांगल्या नट्यांकडून घेऊन बघितलाय मी, खोटा पडतो. तुझा आला आणि मी आत धावत आलो. म्हटलं, ही वेडी पुन्हा घेते म्हणून पुसून टाकेल.”

भुंगीला तेव्हा कुठे ते दार उघडून आत येणं समजलं. केसाने गळा कापतात असं ऐकलं होतं. इथे तर गळा कापून विकायला ठेवला होता आणि वर पाठ थोपटणं चाललं होतं.

“मी स्टेजवर हे गाणार नाही,” ती म्हणाली.

“नको गाऊस,” काका म्हणाले. “गाणं तर वाजणारच. तुझ्या अंगकाठीची एक पोरगी बघून ठेवलीय, केस तसेच कापून घेईल. ओठ हलवायला काय लागतं? हुंदकाही हलवेल.”

बहिरा जिन्यात सिगारेट ओढत होता. तिला बघून त्याने ती पायाखाली चुरडली.

“तुला माहीत होतं,” भुंगी म्हणाली.

“मी तुला तीनदा विचारलं.”

“तोंडाने सांगायला काय झालं होतं?”

“काका मागे उभे होते.” त्याने तिच्याकडे बघितलं नाही. “आणि तू केवढी खूश होतीस. त्या खोलीत माझं कोण ऐकणार होतं? तूच मला बहिरा म्हणालीस.” मग जणू ते सांगितल्याने तिला बरं वाटेल म्हणून, तो म्हणाला, “हुंदक्याचे तुकडे मीच केले. दुसऱ्या कुणी केले असते तर घाण झाले असते.”

घरी आईने रेडिओची वायर काढून ठेवली होती. शेजारच्या भिंतीतून हुक् हुक् येतच होतं. भिंतीची वायर कुठून काढणार? आईने तिला जेवायला वाढलं आणि समोर बसली. “माझी पोर एकदा मेली होती,” ती म्हणाली. “आता रोज मरते, तीही ठेक्यावर.” त्यानंतर त्या गाण्याचा विषय आईने कधी काढला नाही, आणि भुंगीची गिटार कोपऱ्यात होती तिच्यावर एक जुनी चादर टाकली.

दुसरी पोरगी ताईसाठी खोटं रडणार, हे भुंगीला सोसेना. हीच तिची दुखरी नस, आणि काकांना ती बरोबर सापडली होती. ती स्टेजवर गेली. पहिल्या दिवशी तिने ठरवलं, गाईन, पण हुंदका देणार नाही. ती जागा आली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले. टेपवरचा हुंदका तिच्यावाचूनच वाजला. समोर हजारभर लोकांनी तिच्याकडे बोट दाखवत तोच हुंदका काढला, हुक्, हुक्, हु-हु-हुक्, आणि हसत हसत एकमेकांच्या अंगावर पडले. मिटल्या तोंडाने उभी राहिलेली ती त्यांना जास्तच मजेशीर वाटली. काकांनी विंगेतून अंगठा वर केला.

तिथे उभं राहून लाज वाटत होती ती तिला लोकांची नव्हे, ताईची वाटत होती. पण लाज वाटते म्हणून ठेका थांबत नाही. पुढच्या खेपेला तोंड मिटलेलं बरं दिसेना म्हणून तिने हुंदका दिला. तो उशिरा पडला आणि दुहेरी ऐकू आला. त्याच्या पुढच्या खेपेला बरोबर पडला. आधी श्वास कुठे घ्यायचा, घसा किती आवळायचा, सगळं जमत गेलं. सवयीने माणूस कशातही तरबेज होतो. थोड्याच दिवसांत भुंगीला हुंदका द्यायला ताई आठवावी लागेना, आणि मग एका दुपारी तिच्या ध्यानात आलं की मुद्दाम आठवली तरी हुंदका ठेक्यावरच येतो.

त्याच सुमारास ठकूच्या शाळेत पालकांसमोर नाच बसवायचं ठरलं. गाणं कुठलं ते सांगायला नको. मावशीच गाणारी, म्हणून बाईंनी ठकूला सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं. ती घरी आली ती बूट न काढताच बैठकीत उभी राहिली. आत ओट्यापाशी आई भांडी घासत होती.

“मावशी, बघ ना ग!” ठकूने हात वर केले, कमरेवर ठेवले, गिरकी घेतली. “ऊठ ना, ऊठ ना, हुक्!”

भुंगी पलंगाच्या कडेला बसून बघत राहिली. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत पोर ताईवर गेली होती. 

“मावशी, पण ही ताई कोण ग?” ठकू मध्येच थांबली. “एवढं उठवतात तरी उठत का नाही?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

सांगायला हवं होतं. कधीतरी सांगायचंच होतं, आणि याहून सरळ प्रश्न पोरीने पुन्हा विचारला नसता. भुंगीने तोंड उघडलं. समोर ती दोन इवलीशी मनगटं वर तशीच थांबली होती, उत्तर मिळालं की नाच पुढे सुरू करायला.

“आहे एक झोपाळू,” भुंगी म्हणाली.

ठकू खिदळली. “झोपाळू ताई! ऊठ ना, ऊठ ना, हुक्!”

“तसं नाही,” भुंगी म्हणाली. तिच्या तोंडून ते आपोआप गेलं. “तू नुसती उचकी देतेस. आधी श्वास आत घे. घे. आता घशात धरून ठेव. रडू येतंय आणि दाबून धरलंय, असं. आता सोड.”

ठकूने डोळे मिटले, श्वास घेतला, धरला आणि सोडला.

अगदी तसाच आला.

“शाब्बास,” भुंगी म्हणाली आणि हाताने ठेका धरला. “आता लागोपाठ.”

आत आईने नळ मोठा सोडला.